पान्याचा मान

धाकलू आबांच्या अंगणात दसऱ्याला कोयता, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ मांडत, पण त्यांना नुसती कुंकवाची बोटं. खरी पूजा बुलेटची. आबांनी ती तरुणपणी भातसानगरच्या एका साहेबाकडून घेतली होती. धरणाचं काम उरकलं, साहेबाची बदली झाली, आणि त्याच धरणावर खडी वाहणारा धाकलू एका दुपारी फट्फट् करत आपल्या मुरबाडकडच्या गावात शिरला. गुरं दावी तोडून पळाली आणि लग्नाच्या दोन मुलींनी नकार मागे घेतला, असं आबा सांगत. गुरांचं खरं असावं.

या बुलेटचा एक मान होता. दसऱ्याला सकाळी जुनं ऑइल काढायचं, आणि नवं भरण्याआधी इंजिनाच्या तळाचा बोल्ट, म्हणजे ज्यातून ऑइल सोडतात तो, घरातल्या प्रत्येक पुरुषाने एकेक हात मारून आवळायचा. वयाच्या क्रमाने. आबा पान्याला नुसता हात लावत आणि म्हणत, "घ्या रे." मग थोरला शेखर, मग धाकटा पंकज, आणि मिसरूड फुटल्यापासून शेखरचा ऋतिक. पान्यावर हातभर लोखंडी पाइप चढवून, दात खाऊन, मानेच्या शिरा फुगवून आवळायचा.

एवढ्याशा बोल्टाला एवढा जोर लागत नाही, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण तो बोल्ट मेकॅनिकचा राहिलाच नव्हता. दादाने आवळल्यावरही माझ्या हाताने जरा फिरला, हे धाकट्याला वर्षभर पुरत असे. आणि गाव बघायला असे. ज्याने पाना मारला तो या घरातला, असा सरळ हिशेब. तलाठ्याकडच्या कागदावर कुणाचं नाव आहे ते तलाठ्याला ठाऊक, अंगणात पाना बोलायचा.

पंकज गेला श्रावणात, पंपाच्या खोपीत, ओल्या हाताने खटका दाबताना. त्या दसऱ्याला सुतक नव्हतं, पण कुणाला उत्साहही नव्हता, पाना निघालाच नाही. पुढच्या दसऱ्याला निघाला. आणि पंकजची बायको सावळी, जिने वीस-बावीस दसरे मागच्या पडवीत पुऱ्या लाटत काढले होते, ती पदर खोचून अंगणात आली.

"आबा, कुणालीच्या बापाच्या जागी ह्या वर्षी मी हात मारीन."

अंगणात बसलेल्यांच्या माना वळल्या. थोरली जाऊ देवकी ओटीवर फुलं निवडत होती. ती हसली.

"गो, तुला कुकरचं झाकण उघडत नाय. बोल्ट काय आवळतंस?"

"प्रयत्न करीन, ताई."

सावळीला बोल्टाचं कौतुक नव्हतं. तिला दिसत होतं ते वेगळंच. पंकज गेल्यापासून तिची चूल मागच्या पडवीत गेली होती. आधी म्हणे थोडे दिवस, मग म्हणे सोयीचं पडतं. मागच्या दोन खोल्या पाडून तिथे ऋतिकची नवी खोली काढायची, हे देवकी विहिरीवर बायकांना सांगून चुकली होती. सांगायचं राहिलं होतं फक्त सावळीला. कुणाली मुरबाडच्या कॉलेजात बारावीला. पंकजच्या जागचा हात मोडला, की पंकजची जागा मोडली. मग मायलेकींना बाहेर काढायला कुणाला भांडावंही लागणार नव्हतं.

आबा काही बोलायच्या आत शेखरच म्हणाला, "मारू दे की. मारू दे तिला. पंकजच्या नावाचा हात आहे."

सावळीला त्याचं इतकं बरं वाटलं, की पुढे कित्येक महिने त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटत राहिली.

त्या वर्षी ऑइल शेखरने आदल्या संध्याकाळीच काढून बोल्ट परत लावून ठेवला होता. पाहुणे यायचेत म्हणाला. आबांनी पान्याला हात लावला. शेखरने पाइप चढवला, मानेच्या शिरा फुगवल्या, "हुं" केलं आणि पाना तिच्याकडे दिला. सावळी उकिडवी बसली. मनात पंकजचं नाव घेतलं आणि सगळा जीव मनगटात आणून ओढला.

कट् असं काहीतरी झालं आणि मग काहीच लागेना. पाना लोण्यात फिरावा तसा फिरला. बोल्ट सुटून तिच्या पायाशी पडला, त्याच्यामागून करड्या रंगाचा भुगा आणि ॲल्युमिनियमची चकचकीत वेटोळी. भोकातले आटे, ज्यांच्यात बोल्ट रुततो, ते गेले होते.

देवकीने फुलांची टोपली खाली ठेवली.

"देवानं दाखवलं," ती म्हणाली. मोठ्याने नाही. अंगणाला ऐकू जाईल इतपत.

ऋतिकने मोबाइलवर सगळं घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते गावाच्या ग्रुपवर होतं, खाली हसणारी तोंडं आणि कुणाच्या तरी शहाणपणाची ओळ: बाईनं लाटणं सोडलं की असं होतं. कुणालीने कॉलेजात ते मैत्रिणीच्या फोनवर पाहिलं. घरी येऊन ती जेवली नाही.

शेखरने दुसऱ्या दिवशी विषय काढला. आवाज मऊ होता. "आबा, मी कुणाला दोष देत नाय. पण हात लागत नाय एकेकाचा. तिनं भावाकडे राहावं. आमी काय परके आहोत? सणावाराला येईल."

आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. म्हातारा प्रेमळ नव्हता. त्याने आयुष्यात कुणा सुनेला नावाने हाक मारली नव्हती. पण बुलेट त्याची होती आणि न्याय करायची हौसही त्याचीच.

"जिनं बिघडवली तिनं नीट करायची," ते म्हणाले. "पौषात म्हसा गावच्या जत्रेपर्यंत. जत्रेला मी बुलेटवर जातो, एसटीनं नाय जात. त्या सकाळी पाना परत निघेल. नीट झाली तर हिचा हात कायम, हिच्या खोल्या कायम. नाय झाली तर ही भावाकडे."

"तिला काय समजतंय त्यातलं?" देवकी म्हणाली.

"मग सोपंच झालं की तुमचं," आबा म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

मुरबाडच्या दोन गॅरेजवाल्यांनी हात झटकले. एकाने टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून बोल्ट बसवून दिला, तो घरापर्यंतही टिकला नाही. सरळगावपासून अंगणापर्यंत रस्त्यावर ऑइलची रेघ उमटली. ऋतिकने तिचाही व्हिडिओ काढला. दुसरा म्हणाला, केसिंग, म्हणजे इंजिनाचं सगळं कवचच, बदला. ते या गाडीचं आता कुठे मिळतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी सावळीने भावाला फोन केला. अनंता भातसानगरला राहायचा, टेम्पो चालवायचा. एरवी बहिणीचा फोन दोनदा वाजल्याशिवाय न उचलणारा अनंता या वेळी दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन दारात हजर. सावळीचे डोळे भरून आले. टेम्पो किन्हवली सोडून पुढे गेला तेव्हा तो म्हणाला, "हे बघ सावळे, गाडी नीट करून घे. काय लागंल ते करू. तुझी वैनी म्हणतं, आपल्याकडे दोनच खोल्या."

म्हणजे डोळे भरायचं काही कारण नव्हतं. तिने ते पदराने पुसले, धूळ गेली म्हणून.

शहापुरात आसनगावच्या रस्त्याला रघूचं लेथचं दुकान. लेथच्या घरघरीने कान गेलेले, म्हणून तो सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायचा, आणि बोलायचा ते ओरडून बोलण्यासारखं नसायचं. गाडी गोणपाटावर आडवी करून त्याने भोकात बॅटरी मारली आणि रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही कोणी आवळली गो? माणसानं का जेसीबीनं?"

"आमच्याकडे मान असतो पान्याचा."

"मान? गाडीची मान मुरगाळलीत ती!" तो हसला. मग तिच्या रिकाम्या गळ्याकडे बघून म्हणाला, "नवरा गेला, आटे गेले, आता तू कवा जातंस?"

अनंता टेम्पोच्या टायरकडे बघू लागला. सावळी म्हणाली, "तेवढ्यासाठीच आलंय. जायचं नाय म्हणून."

रघूने तिला बॅटरी धरून जमिनीवर आडवं व्हायला लावलं. "पोरगा सुट्टीवर आहे, तूच धर. हलवू नको." तळाशी राहिलेलं ऑइल थेंब थेंब तिच्या गालावर, कानात. त्याने खिळ्याने भोकाच्या कडा खरवडल्या आणि करडा भुगा हातावर घेतला. बोटांत चुरला. नाकाशी नेला.

"एम-सील."

"काय?"

"एम-सील गो! नळाला लावतात ती. दोन रंगांची, मळून लावतात. आटे आधीच गेले होते. कोणीतरी बोल्ट हिच्यात चिकटवून ठेवलेला. ओढणारा ओढील आणि बोंब त्याच्या नावानं होईल." त्याने कौतुकाने जिभेने टॉक् केलं. "डोकं आहे हां घरात कोणालातरी."

बॅटरी सावळीच्या हातात होती आणि तिला हलवू नको सांगितलं होतं, म्हणून तिने हलवली नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी देवकी ओटीवर बसून बोटांनी काहीतरी मळत होती. पांढरं आणि काळं, एकात एक. सावळीने विचारलं होतं, काय हो ताई? देवकी म्हणाली होती, पाण्याची टाकी गळतंय, ह्यांनी मळायला दिलंय. छान मळत होती, मोदकाच्या उकडीसारखं. आणि टाकी तर अजूनही गळत होती. रोज सकाळी सावळीच तिच्याखाली बादली लावायची.

रघूने भोक मोठं करून घेतलं. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे कीस आत इंजिनात न पडता ग्रीसला चिकटतो, आणि नवे आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मध्येच त्याचा खांदा भरून आला तेव्हा टॅपचा दांडा तिच्या हातात दिला आणि ती चुकायची वाट बघत बिडी ओढत बसला. ती चुकली नाही. तेव्हा त्याने दांडा परत काढून घेतला. मग लेथवर पोलादाचं बुश उतरवलं, म्हणजे बाहेरून आटे, आतूनही आटे, अशी पोकळ नळी. ती चिकटद्रव लावून भोकात कायमची बसवली. सगळं रॉकेलने धुतलं.

"आता हे भोक तुझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत जात नाय," तो ओरडला. "पण तुमच्याकडे बैल आहेत ना पाइप घेऊन ओढणारे. म्हणून बोल्ट पितळेचा करतो. पितळ मऊ. कोणी अक्कल गहाण टाकून ओढलं, तर बोल्टाची मान तुटेल, केसिंग वाचेल. बोल्ट काय, दुसरा लावता येतो. दोन बोटांनी आवळायचा, आखूड पान्यानं, तांब्याची वायसर दबेपर्यंत. बस."

"आणि पाइप लावला तर?"

"तर डोकं उडेल आणि ओढणारा जाईल उताणा. माझ्याकडे एक आलावता तसा. पाइप बसला इथं." त्याने आपल्या वरच्या ओठावर बोट ठेवलं आणि पुन्हा मनापासून हसला. "डोकं उडालं की आतला तुकडा ढिलाच असतो. पेचकस लावून काढायचा."

सावळीने गालावरचं ऑइल पुसलं. ते पुसलं जाईना, पसरलं. तिला शेखरचा मऊ आवाज आठवला. मारू दे की. मारू दे तिला.

"दोन करा," ती म्हणाली.

"काय?"

"बोल्ट. दोन करा."

रघूने एकदाच तिच्याकडे नीट बघितलं. मग पितळेची कांडी लेथला लावली. त्या दुपारी तो ओरडला नाही असं तेवढंच.

जत्रेच्या सकाळी थंडी कडक होती. अंगणात शेकोटी, म्हशाला निघालेले सोयरे, दारात भाड्याची जीप, तिच्यात नवसाचे नारळ. बुलेट गोणपाटावर आडवी केलेली. तिच्या पोटाशी पिवळा बोल्ट हाताने फिरवून बसवलेला, पानाच मारायचा बाकी.

शेखर वाकून बघत होता. दसऱ्यापासून त्याचा चेहरा निवांत होता, आज पहिल्यांदा नव्हता. "पितळ?"

"पितळेचाच बरा म्हणाला तो," सावळी म्हणाली.

"टिकंल का?"

"आत पोलादाचं बुश आहे, भावजी. आता आटे जायचे नायत."

खोटं एकही अक्षर नव्हतं. रात्रभर तिने ते वाक्य घासून तयार केलं होतं. पुढचंही तयार होतं. शेखर पाइप लावेल, शिरा फुगवेल, कारण आज त्याला खरंच जोर लावावा लागणार होता, बोल्ट तोडून दाखवावा लागणार होता. तो उताणा पडेल. गाव बघेल. आणि ती मोठ्याने नाही, अंगणाला ऐकू जाईल इतपत, देवकीचेच दोन शब्द म्हणेल. मग पोलक्यातून दुसरा बोल्ट काढेल, दोन बोटांनी आवळेल, आणि तिच्या खोल्या कायम. इतकं सरळ होतं. एम-सीलचं नाव तिने कुणाकडे काढलं नव्हतं. काढून काय, शेखर म्हणाला असता, पंकजनंच लावली असंल. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही.

आबांना ऋतिकने धरून आणलं. नवं घोंगडं, डोक्याला लाल टोपी. ते दगडी पायरीकडे पाठ करून बुलेटपाशी उकिडवे बसले, पान्याला हात लावला. आता म्हणणार, घ्या रे. पण हात तसाच राहिला. बोटाने त्यांनी बुशची कड चाचपली. नखाने. पुन्हा चाचपली.

"आबा, तुमी नुसता हात लावा," शेखर म्हणाला. "पाइप आमी मारतो. तुमच्या अंगात आता कुठं जोर?"

सोयरे हसले. म्हातारा हसला नाही.

"आण तो पाइप," ते म्हणाले.

"अवो आबा..."

"आण म्हणतो ना! गाडी माझी. तुझ्या बापानं नाय जमवलं ते हिनं जमवून आणलंय." शेखरचा बाप ते स्वतःच होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि सांगायची कुणाची छाती झाली नाही. "बघू दे माझ्या सुनेनं काय काम केलंय ते. सावळे, इकडं ये. इथं उभी रहा."

वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावाने हाक मारली.

सावळी पुढे झाली. तिच्या जिभेवर सगळं होतं. आबा, पाइप नको. दोन बोटांनी. पितळ आहे. चार शब्द पुरले असते. पण मग शेखर विचारणार, पाइप नको हे तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस? माझी वेळ येईपर्यंत गप्प राहणार होतीस? आणि सगळं अंगण तिच्याकडे बघणार. तिने शेखरकडे बघितलं. तो हात पुढे करील, म्हाताऱ्याकडून पाना घेईल, अजूनही घेईल. त्याने खिशात हात घातले.

"आबा," ती म्हणाली.

"काय?"

"काय नाय. जपून."

म्हाताऱ्याने पाइप चढवला आणि ओढला. जोर नाही असं म्हणणाऱ्यांना दाखवायचं होतं म्हणून पाय रोवून, सगळं अंग मागे टाकून ओढला. रघू म्हणाला होता तसंच झालं, फक्त आवाज लहान होता. वाळकी काटकी मोडते तेवढा. पिवळं डोकं उडून शेकोटीत गेलं आणि आबा उताणे पायरीच्या दगडावर आदळले, कमरेवर. पाइप खणखणत जीपच्या चाकापर्यंत गेला.

ते ओरडले नाहीत. तोंड उघडून वर आभाळाकडे बघत राहिले. पाय भलत्याच बाजूला वळला होता. ऋतिकने त्यांना उठवायला काखेत हात घातला तेव्हा मात्र जो आवाज निघाला, त्याने गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली.

"खुबा गेला," सोयऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं. "ह्या वयात..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

नारळ उतरवून जीपमध्ये गादी टाकली. कल्याणला न्यायचं ठरलं. चौघांनी उचललं तेव्हा आबांनी शेखरचा सदरा पकडला.

"पितळ कच्चं निघालं," ते दातांतून म्हणाले. "तिची चूक नाय. तिचं बुश शाबूत आहे, मी चाचपलंय. ऐकलंस? दुसरा बोल्ट आणा आणि हिचा हात घ्या. हिचा हात झाल्याबिगर गाडी हलवायची नाय. खोल्यांचं मी बोललोय ते बोललोय. सगळ्यांनी ऐका."

सगळ्यांनी ऐकलं. शेखरनेही. त्याने सावळीकडे बघितलं आणि जीपमध्ये बसला. ऋतिक मागे लटकला. या वेळी त्याच्या हातात मोबाइल नव्हता.

धूळ बसली. सोयरे कुजबुजत म्हशाच्या वाटेला लागले, जत्रा काय कुणाच्या खुब्यासाठी थांबत नाही. कुणाली दारात उभी होती. सावळी तिला म्हणाली, आत जा. मग ती बुलेटपाशी बसली. पेचकसाने भोकातला तुकडा फिरवला. ढिलाच होता. तिने तो काढून बाजूला ठेवला, कडा फडक्याने पुसली, पोलक्यात हात घातला आणि दुसरा पितळी बोल्ट काढला. अंगाच्या उबेने तो गरम झाला होता. त्याला तांब्याची वायसरही होती.

"दोन आणलेस तू," मागून देवकी म्हणाली.

सावळीने वळून बघितलं नाही.

"आदीपासनं दोन आणलेस." देवकी तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिने शेकोटीतून चिमट्याने ते उडालेलं पिवळं डोकं काढलं होतं. फुंकर मारून ती ते वळवून वळवून बघत होती, बाजारात भेंडी बघावी तसं. "हे तुटणार, ठाऊक होतं तुला."

आखूड पाना सावळीच्या हातात होता. तिने तो बोल्टावर ठेवला.

"ह्यांच्यासाठी होतं ना?" देवकीने विचारलं. "माझ्या नवऱ्यासाठी?"

"टाकी अजून गळतंय, ताई," सावळी म्हणाली.

देवकीने ते पिवळं डोकं खाली ठेवलं. मग हसली. दसऱ्याला हसली होती तसं नाही. विहिरीवर बरोबरीच्या बायकांत हसतात तसं.

"मळताना किती घाण वास येतो गो तिला," ती म्हणाली. "दोन दिवस हाताचा जात नव्हता." मग तिने आपला पदर खोचला. "म्हातारा आता उठत नाय. घरातलं सगळं करायला आपण दोघीच. शेण, पाणी, त्याचं हागणंमुतणं. मला वाटलंवतं तू गाय आहेस. मार आता. नीट मार."

सावळीने दोन बोटांनी पाना ओढला. वायसर दबली, तेवढी कळली. बस. बघायला देवकीखेरीज कुणी नव्हतं.

दोघींनी मिळून गाडी उभी केली. देवकीने नरसाळं धरलं, सावळीने ऑइल ओतलं. मग तिने तळाशी बोट फिरवून बघितलं. कोरडं. फडकं फिरवलं. कोरडं. तिथे एखादा थेंब मिळाला असता तर तिला रडता आलं असतं, असं तिला उगाच वाटून गेलं.

फोन देवकीचा वाजला. जीप मुरबाडच्या पुढे गेली होती. देवकीने ऐकलं, हूं हूं केलं आणि म्हणाली, "हो, झाला म्हणावं त्यांना. मी बघितला ना, माझ्यासमोर झाला." मग सावळीकडे बघत, "नाय, गळत नाय. तिच्याकडे होता दुसरा बोल्ट. हुशार आहे आपली सावळी."

आणि फोन ठेवून ती घराकडे वळली. ओटी चढता चढता थांबली.

"मागं कशाला पेटवतंस आता वेगळी चूल? ये, चहा टाकते."

दीड वर्षाने सावळी पुढच्या स्वयंपाकघरात गेली. तिची जुनी जागा, खिडकीखालची, रिकामी होती. देवकीने पाट सरकवला. कपही तिचाच काढला, कान तुटलेला, फडताळात मागे पडलेला. आलं ठेचून घातलं होतं, दूध सढळ होतं. आपल्या घशाखाली उतरणार नाही असं वाटून सावळीने कप तोंडाला लावला.

उतरला. चांगला झाला होता. देवकीने विचारलं, अजून हवा का, तेव्हा तिने कप पुढे केला.